सायबर सिक्युरिटीत एमटेक किंवा एमएस्सी करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीई, बीएस्सी, बीसीए झालेली किंवा शेवटच्या वर्षाला असलेली मुलं आणि त्यांचे आईवडील जे विचारतात, त्याची ही उत्तरं. जिथे गफलत जास्त होते तिथे उत्तर लांबलं आहे. बाकी ठिकाणी दोन ओळींत काम भागतं.

हॅकिंग शिकवतात का हो?

शिकवतात, पण रील्समध्ये दिसतं तसं नाही. पहिल्या सत्राचा बराच भाग ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क आणि क्रिप्टोग्राफीत, म्हणजे निरोप सांकेतिक करण्याच्या शास्त्रात, जातो, आणि अनेकांचा तिथेच विरस होतो. 'हे तर बीईला झालं होतं,' असं म्हणतात. झालं होतं, पण परीक्षेपुरतं.

एक नेहमीचं प्रॅक्टिकल सांगतो. सी भाषेतला वीसेक ओळींचा प्रोग्रॅम देतात. त्यात ६४ बाइटचा बफर, म्हणजे मजकूर ठेवायची मेमरीतली ठरावीक जागा, असतो आणि लांबी न तपासता मजकूर ओतणारं एक फंक्शन. त्याला इनपुट म्हणून कॅपिटल 'ए' हे अक्षर शंभर वेळा दिलं की प्रोग्रॅम कोसळतो. डीबगर लावून पाहिलं, तर फंक्शन संपल्यावर ज्या पत्त्यावर परतायचं तो पत्ताच पुसला गेलेला असतो आणि तिथे ४१४१४१४१ दिसतं. ४१ हा त्या 'ए'चा हेक्साडेसिमल क्रमांक. म्हणजे प्रोग्रॅमनं पुढे कुठे जायचं हे आता तुम्ही टाइप केलेलं अक्षर ठरवतंय. हे उमगतं त्या दिवशी वर्ग जागा होतो. मग एकेक संरक्षण चालू करून तोच हल्ला पुन्हा करायला लावतात: स्टॅक कॅनरी (परतीच्या पत्त्याआधी ठेवलेली खुणेची किंमत, ती बदलली की प्रोग्रॅम थांबतो), डेटाच्या जागेतून कोड चालवायला बंदी, मेमरीतले पत्ते दर वेळी बदलणं. कोणतं संरक्षण काय अडवतं आणि काय अडवू शकत नाही, हे लिहून द्यायचं. गुण त्या लिहिण्याला असतात, प्रोग्रॅम पाडण्याला नाही.

पुढच्या सत्रांत वेब आणि सॉफ्टवेअर सुरक्षा, मालवेअरचं (घातक सॉफ्टवेअरचं) विश्लेषण, डिजिटल फॉरेन्सिक्स (डिजिटल पुराव्यांचा तपास), क्लाउड, कायदा आणि जोखीम व्यवस्थापन येतं. एमटेकचं दुसरं वर्ष बहुतेक ठिकाणी प्रबंधाचं असतं.

एवढी थिअरी प्रत्यक्षात कुठे उपयोगी पडते?

पुण्यातलंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्टच्या शनिवारी क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, आणि सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय निरोप-यंत्रणेमार्फत सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले.

एटीएममध्ये कार्ड घातलं की विनंती कार्ड नेटवर्कमार्फत तुमच्या बँकेच्या एटीएम स्विचकडे जाते. स्विच ती कोअर बँकिंग सिस्टीमला विचारतो: खातं आहे का, शिल्लक आहे का? उत्तर आलं की नोटा बाहेर येतात. इथे हल्लेखोरांनी मालवेअरच्या मदतीनं एक बनावट स्विच मधे बसवला. विनंत्या कोअर बँकिंगपर्यंत पोचल्याच नाहीत, बनावट स्विचच 'मंजूर' म्हणत राहिला. ग्राहकांच्या खात्यांतली शिल्लक जागच्या जागी होती, नुकसान बँकेचं झालं.

आता हीच घटना चार विषयांच्या चष्म्यातून बघा. नेटवर्कच्या तासाला विचारलं जाईल, की स्विच आणि कोअर बँकिंग यांच्यातलं बोलणं मधेच तुटलं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? क्रिप्टोग्राफीत प्रश्न असा, की नेटवर्कनं 'मंजूर' हे उत्तर खऱ्या स्विचचं आहे हे कशावरून मानलं? मॉनिटरिंगमध्ये: एकाच बँकेच्या कार्डांवर काही तासांत इतक्या देशांतून पैसे निघतात, तर अलार्म कुठे वाजायला हवा होता? आणि फॉरेन्सिक्समध्ये, स्विचवरचे लॉग, एटीएमचं सीसीटीव्ही आणि मोबाइलचे रेकॉर्ड जुळवून पुरावा न्यायालयात टिकेल असा कसा बांधायचा? पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. चारही प्रश्न एकाच माणसाला एकाच वेळी सुचायला हवेत. पदव्युत्तर शिक्षणाचं काम एवढंच आहे, आणि माझ्या मते ते थोडंथोडकं नाही.

मी बीएस्सी फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. चालेल का?

एमटेकला बहुतेक ठिकाणी बीई किंवा बीटेक, किंवा एमसीए, कॉम्प्युटरमधली एमएस्सी अशी पात्रता मागतात. इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉमवाल्यांना अनेक संस्था घेतात, मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांना क्वचित. बीएस्सी किंवा बीसीए असाल तर एमएस्सीचा रस्ता सरळ आहे. शाखेपेक्षा मला एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते: लिनक्सच्या टर्मिनलवर बसवलं तर गोंधळून न जाता काम करता येतं का, आणि पायथॉनमध्ये दोनशे ओळींचा प्रोग्रॅम स्वतः लिहिता येतो का. येत असेल तर टेलिकॉमवाले नेटवर्कच्या विषयांत कॉम्प्युटरवाल्यांना मागे टाकतात.

गणित कच्चं आहे. झेपेल का?

मॉनिटरिंग, फॉरेन्सिक्स किंवा ऑडिटकडे जायचं असेल तर संख्याशास्त्राची बेताची तयारी पुरते. क्रिप्टोग्राफीत प्रबंध करायचा असेल तर मात्र गणिताशी मैत्री करावीच लागेल.

अंदाज यावा म्हणून आरएसए या निरोप सांकेतिक करण्याच्या प्रसिद्ध रीतीचं खेळण्यातलं रूप कागदावर करून बघा. दोन अविभाज्य संख्या, ३ आणि ११. गुणाकार ३३. प्रत्येकीतून एक वजा करून गुणाकार, २ गुणिले १०, म्हणजे २०. सार्वजनिक किल्ली ३. खासगी किल्ली ७, कारण ३ साती २१, आणि २१ ला २० नं भागलं की १ उरतो. निरोप आहे ४. चारचा घन ६४, त्याला ३३ नं भागून बाकी ३१. हा झाला सांकेतिक निरोप. आता ३१ चा सातवा घात काढा, ३३ नं भागा, बाकी पुन्हा ४ येते. सातवा घात बघून घाबरू नका: ३१ च्या जागी उणे २ धरा, तोंडी होतं. इथे मजा वाटली तर गणित झेपेल. कंटाळा आला तरी प्रवेश घ्या, फक्त क्रिप्टोग्राफीचा पर्यायी विषय निवडू नका.

जाता जाता: एखादी संख्या अविभाज्य आहे की नाही हे आटोक्यातल्या वेळेत (गणिताच्या भाषेत 'बहुपदी वेळेत') खात्रीनं ठरवणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरमध्ये सापडली. मणिंद्र अग्रवाल यांच्यासोबत ते काम करणारे नीरज कयाल आणि नितीन सक्सेना तेव्हा नुकतेच बीटेक झाले होते.

गेट द्यावीच लागते का?

गेट म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा. आयआयटी, एनआयटीतल्या नियमित एमटेकसाठी जवळपास हो. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात. तिथे गेटवाल्यांना आधी जागा मिळतात आणि उरलेल्या जागांवर बिगरगेटवाल्यांचा विचार होतो. एमएस्सीला गेट लागत नाही, विद्यापीठाची स्वतःची परीक्षा असते किंवा गुणांवर प्रवेश.

तरीही मी गेट द्याच म्हणेन, कारण हिशेब साधा आहे. गेट पात्र होऊन एआयसीटीई मान्यतेच्या संस्थेत पूर्णवेळ एमटेक केलं तर दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पेपर ३ तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण, आणि गुणांकन ३ वर्षं चालतं. कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात सायबर सिक्युरिटी असा वेगळा विभाग नाही, तेव्हा 'गेट सायबर सिक्युरिटी बॅच' विकणाऱ्या क्लासपासून सावध. अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डिस्क्रीट मॅथ्स हेच पक्कं करा. एनआयटींसाठी सीसीएमटी आणि आयआयटींसाठी सीओएपी अशा वेगवेगळ्या नोंदण्या असतात. एक केली म्हणजे दुसरी झाली असं समजू नका.

कुठे शिकावं?

पुण्यात गिरिनगरला संरक्षण मंत्रालयाची डीआयएटी ही संस्था आहे. तिथे सायबर सिक्युरिटीत एमटेक आहे आणि नागरी विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो. फॉरेन्सिक्सकडे ओढा असेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ पाहा. त्याचं एक संकुल गोव्यातही आहे, सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्यांना ते जवळ पडतं. एनआयटी कुरुक्षेत्रला या विषयाचं एमटेक आहे. आयआयटी कानपूरचं सीथ्रीआय हब वीज, पाणी अशा पायाभूत यंत्रणांच्या सुरक्षेवर काम करतं. केरळ-तमिळनाडूकडचं अमृता विद्यापीठ महाग आहे, पण तिथला 'बायोज' हा विद्यार्थ्यांचा गट सीटीएफ, म्हणजे हॅकिंगची कोडी सोडवण्याच्या, स्पर्धांत देशात नावाजलेला आहे.

माहितीपत्रकावर हुडी घातलेला, चेहरा नसलेला माणूस आणि मागे हिरवे आकडे असतील तर जरा थांबा. फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन हे विचारा: गेल्या दोन वर्षांतल्या प्रबंधांची यादी दाखवाल का? कॉलेजच्या नेटवर्कपासून तोडलेली, हल्ले करून बघता येतील अशी लॅब आहे का, आणि संध्याकाळी सहानंतर ती उघडी असते का? क्रिप्टोग्राफी शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं स्वतःचं काम कशात आहे? प्लेसमेंटचा सर्वात मोठा आकडा विचारू नका. सगळ्यात मधल्या मुलाला काय मिळालं ते विचारा. उत्तर द्यायला किती वेळ लागतो तेही बघा.

सीडॅकचा डिप्लोमा करू की एमटेक?

सीडॅक ही केंद्र सरकारची संगणक संशोधन संस्था. तिचा डिटिस, म्हणजे आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टीम्स अँड सिक्युरिटीचा पदव्युत्तर डिप्लोमा, साधारण सहा महिन्यांचा आहे. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून, वर्षाला दोन बॅच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पिळून काढतात. लवकर नोकरीला लागायचं असेल, घरची परिस्थिती दोन वर्षं थांबण्यासारखी नसेल, तर बेलाशक हा करा. मात्र ही पदवी नव्हे. पुढे पीएचडी, प्राध्यापकी किंवा संशोधन डोक्यात असेल तर एमटेकच हवं. डिटिस करून दोन-तीन वर्षं नोकरी आणि मग एमटेक, हा क्रमही उत्तम. अशी मुलं वर्गात सगळ्यात चांगले प्रश्न विचारतात.

सर्टिफिकेट असेल तर डिग्री कशाला?

दोन्हींची कामं वेगळी आहेत. ओएससीपी या हॅकिंगच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेत जवळपास २४ तास सलग मशिन्स फोडायची आणि पुढच्या २४ तासांत अहवाल द्यायचा असतो. पेनटेस्टिंगच्या (परवानगीनं हल्ला करून त्रुटी शोधण्याच्या) नोकरीत त्याला मान आहे आणि तो कमावलेला आहे. सीआयएसएसपी या वरच्या पातळीच्या सुरक्षा सर्टिफिकेटला ५ वर्षांचा अनुभव लागतो, पदवी असेल तर त्यातलं एक वर्ष सुटतं. त्यामुळे कॉलेजातून बाहेर पडताच 'सीआयएसएसपी करून देतो' म्हणणाऱ्याला हात जोडा. नुसते बहुपर्यायी प्रश्न असलेली महागडी सर्टिफिकेटं एचआरच्या चाळणीतून पुढे ढकलतात, पण मुलाखतीच्या टेबलावर उपयोगी पडत नाहीत. सर्टिफिकेट सांगतं की आजची हत्यारं तुम्हाला चालवता येतात. ती बदलल्यावर काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

नोकरी सांभाळून करता येईल का?

येईल. जॉर्जिया टेकची ऑनलाइन मास्टर्स जानेवारी २०१९ पासून आहे आणि अमेरिकेतल्या इतर डिग्रींच्या मानानं फी बरीच कमी आहे. आयआयटी कानपूरच्या ई-मास्टर्सना गेट लागत नाही, कामाचा अनुभव लागतो.

फसगत होते ती दुसरीकडे. 'अमुक आयआयटीचा सायबर सिक्युरिटी प्रोग्रॅम' म्हणून फोन येतो, लाख-दीड लाखाच्या फीचे हप्ते पाडून देतात, आणि शेवटी हातात येतं ते पूर्णतेचं प्रमाणपत्र. पैसे भरण्याआधी एकच गोष्ट लेखी मागा: 'ही पदवी आहे का, आणि ती कोणत्या संस्थेच्या नावानं मिळेल?' ई-मेलवर उत्तर टाळलं तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

परदेशी जावं का?

अमेरिकेत जाणाऱ्यांना एक गोष्ट सहसा कोणी आधी सांगत नाही. तिथल्या सरकारी आणि संरक्षण खात्याशी संबंधित सुरक्षेच्या बऱ्याचशा नोकऱ्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो आणि तो नागरिकांनाच मिळतो. त्यामुळे वॉशिंग्टनच्या आसपासचं कॉलेज केवळ 'तिथे सायबरच्या नोकऱ्या फार' म्हणून निवडलं, तर त्यातल्या कित्येक तुमच्यासाठी नसतात. बँका, क्लाउड कंपन्या, उत्पादनं बनवणाऱ्या कंपन्या उरतात, आणि शिक्षणानंतर १२ महिने अधिक स्टेमचे (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या शाखांचे) २४ महिने काम करण्याची मुभा असते. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा ओळखीच्या ताईदादाचा तीन वर्षांपूर्वीचा अनुभव जसाच्या तसा धरू नका.

इंग्लंडमध्ये रॉयल हॉलोवेची इन्फर्मेशन सिक्युरिटीतली एमएस्सी १९९२ पासून चालू आहे, या विषयातली ती जुनीजाणती. एस्टोनियाचं नाव ऐकून घरचे गोंधळतील, पण २००७ मध्ये सायबर हल्ल्यांनी त्या देशाच्या बँका आणि सरकारी संकेतस्थळं जेरीस आणली, आणि त्यानंतर तिथे हा विषय फार गांभीर्यानं घेतला जातो. तालिन आणि तार्तूच्या विद्यापीठांत इंग्रजीतून मास्टर्स आहे. थंडीची तयारी ठेवा.

लॅपटॉप कोणता घेऊ?

१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू होणारा कोणताही. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवू नका. नवे मॅकबुक छान आहेत, पण लॅबची बरीच व्हर्च्युअल मशिन्स इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरसाठी बनवलेली असतात, तिथे अडखळाल.

सरावासाठी कॉलेजची रिझल्टची साइट तपासली तर चालेल?

नाही. परवानगीशिवाय कुणाच्याही सिस्टीमला हात लावायचा नाही, मग हेतू कितीही चांगला असो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, च्या कलम ४३ मध्ये परवानगीविना प्रवेशाबद्दल भरपाई आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या इराद्यानं केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'मी फक्त वेबपत्त्यातला रोल नंबर बदलून पाहिला' हे वाक्य पोलीस ठाण्यात फार केविलवाणं वाटतं. तुमचा इरादा काय होता हे तिथे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं.

सरावाला जागा भरपूर आहे. डीव्हीडब्ल्यूए किंवा ज्यूस शॉप ही मुद्दाम त्रुटी ठेवलेली वेब ॲप्लिकेशनं स्वतःच्या लॅपटॉपवर बसवा, पोर्टस्विगरची वेब सुरक्षेची अकादमी फुकट आहे, ट्रायहॅकमी आणि हॅक द बॉक्स आहेत. बग बाउंटी (त्रुटी शोधून बक्षीस मिळवणं) करायची तर कंपनीनं जाहीर केलेल्या कक्षेतच. नेहमीच्या वापरात एखादी त्रुटी नजरेला पडलीच, तर तिथेच थांबा, आणखी डेटा उघडून बघू नका, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा.

प्रबंधाला कोणता विषय घेऊ?

'मशीन लर्निंग वापरून इंट्रुजन डिटेक्शन' (नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणं) हा सोडून कोणताही, असं म्हणायचा मोह होतो. कारण सांगतो. असे कित्येक प्रबंध केडीडी कप ९९ या डेटासेटवर उभे असतात. त्यातली रहदारी १९९८ मध्ये कृत्रिमपणे तयार केलेली, नोंदी ढीगभर दुबार. त्यावर ९९ टक्के अचूकता येणं काही कठीण नाही, आणि आजच्या नेटवर्कवर तिला अर्थ नाही. २००९ ची एनएसएल-केडीडी ही त्याची साफसूफ केलेली आवृत्ती, पण मूळ तेच. मुलाखतीत 'हा डेटा कधीचा?' एवढं विचारलं की पुढचं संभाषण संपतं.

आपल्याकडे प्रश्नांचा तोटा नाही. 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल' असे मराठीत, कधी रोमन लिपीतल्या मराठीत येणारे फसवे मेसेज घ्या. इंग्रजीवर तयार केलेली गाळणी त्यांना किती ओळखते? 'डॉट भारत' हे देवनागरी डोमेन २०१४ पासून आहे. देवनागरीत एकसारखी दिसणारी पण वेगळ्या क्रमानं टाइप केलेली अक्षरं वापरून बनावट पत्ते कितपत तयार करता येतात? किंवा थेट गाभ्यात शिरायचं असेल तर क्वांटमनंतरची क्रिप्टोग्राफी, म्हणजे क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नये अशी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन मानकं जाहीर केली. त्यांतल्या किल्ल्या किंवा सह्या जुन्यांपेक्षा मोठ्या आहेत. छोट्याशा स्मार्ट मीटरवर त्या मावतात का, चालायला किती वेळ घेतात, हे मोजणं हासुद्धा एमटेकला पुरेल असा नेटका विषय आहे.

नोकरी कसली मिळते?

नवख्यांपैकी बरेच जण एसओसीत, म्हणजे कंपनीच्या सुरक्षा-देखरेख केंद्रात, लागतात: स्क्रीनवर येणारे अलर्ट बघायचे, खोटे बाजूला काढायचे, खरे वर पाठवायचे. पहिले सहा महिने शिकायला मिळतं, नंतर कंटाळा येतो. दोन वर्षांत तिथून पुढे सरकायचं, हे ठरवूनच जा. ऑडिट आणि अनुपालनाची (नियम पाळले जातात ना हे बघण्याची) कामं गेल्या काही वर्षांत खूप वाढली आहेत, आणि त्याला नियम कारणीभूत आहेत. रिझर्व्ह बँकेनं २०१६ मध्ये बँकांना सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत जातो. हे सगळं कुणीतरी बसवावं लागतं. मुलं या कामाला 'एक्सेल भरणं' म्हणून नाकं मुरडतात. संचालक मंडळासमोर जाऊन बोलायची वेळ मात्र याच लोकांवर आधी येते.

मुलीला रात्रपाळी करावी लागेल का? (हा प्रश्न आईवडिलांचा)

एसओसीत लागली तर हो, आणि मुलालाही लागेल. ऑडिट, ॲप्लिकेशन सुरक्षा, संशोधन यांत सहसा नाही. पण तिला काय आवडतं ते आधी तिलाच विचारा.

मराठी माध्यमातून आलोय. इंग्रजीमुळे अडेल का?

बोलण्यात फारसं नाही, लिहिण्यात अडतं. या क्षेत्रात शेवटी हातात द्यायचा असतो तो अहवाल. 'लॉगिन पानावर त्रुटी आढळली, ती गंभीर आहे' हे वाक्य कोणत्याही भाषेत निकामी आहे. 'पासवर्ड विसरल्यावर येणारा चार आकडी ओटीपी कितीही वेळा चुकवला तरी खातं बंद होत नाही. त्यामुळे सगळे १०,००० पर्याय करून पाहता येतात आणि कोणत्याही ग्राहकाचा पासवर्ड बदलता येतो. पाच चुकांनंतर विनंती थांबवा आणि ओटीपी सहा आकडी करा' हे उपयोगाचं. काय झालं, त्यानं काय बिघडतं, काय करायचं. आधी मराठीत असं लिहायची सवय लावा आणि मग ते इंग्रजीत आणा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चांगले ऑडिट अहवाल चाळायला मिळाले नाहीत, तर मोठ्या कंपन्या स्वतःवरच्या हल्ल्यांनंतर जे तपशीलवार खुलासे प्रसिद्ध करतात ते वाचा, आठवड्याला एक.